खारीचा डावा कान

पहिल्या रात्री वाटलं, गोचीड असेल.
मागचा पाय वर, खर्र खर्र खर्र,
पट्ट्याचा बिल्ला फरशीवर टणटण.
मी कूस बदलली.
सकाळी सातची शिफ्ट.

दिवसभर कानाला हेडफोन लावून
अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकते मी,
ऐरोलीत, अकराव्या मजल्यावर,
जिथल्या खिडक्या उघडत नाहीत.
कुणाचं कार्ड अडकलंय,
कुणाचा हप्ता दोनदा कापलाय.
"आपली अडचण मी समजू शकते."
दिवसाला नव्वद वेळा समजते.

घरी आले की खारी दाराशी,
डोकं एका बाजूला कललेलं.
किती गोड, म्हणून फोटो काढला.
बावीस जणांनी बदाम पाठवले.
ती दुखण्याच्या बाजूला कलली होती,
हे बावीस जणांना कळलं नाही.
तेविसावी मी.

मढवीकाकू म्हणाल्या,
खोबरेल कोमट कर, लसणीची पाकळी टाक,
दोन थेंब सोड, आमच्या वेदूला उतार पडला होता.
वाटी गॅसवर ठेवलीही.
तेवढ्यात तिने मान झाडली, फटफटफट,
आणि कॅलेंडरवर तपकिरी ठिपका उडाला.

पाळ उलटून बघितली.
आत लालभडक, कॉफीच्या गाळासारखं काहीतरी,
आणि वास,
डब्यात विसरलेल्या ओल्या पावाचा.
बोट लागलं तशी गुरगुरली,
चार वर्षांत पहिल्यांदा.
मग लगेच माझाच हात चाटला,
चूक तिची असल्यासारखा.
गॅस बंद केला.

दोन रिक्षावाले कुत्रं बघून पुढे गेले.
तिसरा म्हणाला, मांडीवर घ्या, सीटवर नको.

"किती दिवस झाले?" डॉक्टर बेहेरेबाईंनी विचारलं.
मी म्हटलं चार. मग म्हटलं, नऊ.
त्या काही बोलल्या नाहीत.
कानाडोळा हा शब्द
तिथे वजनकाट्यापाशी
मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

दिव्याची नळी कानात घालून
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"पडदा शाबूत आहे. तो बघितल्याशिवाय थेंब द्यायचे नसतात.
तेलबिल घातलं नाहीत ना? काडीने कोरलं?"
नाही, म्हटलं. वाटी आठवली.
"एखाद वेळ खाजवते, खाजवू द्या.
पण दोन दिवसांत थांबलं नाही,
वास आला, पाणी आलं, पाळ फुगली,
तर वाट बघू नका.
आणि मान वाकडी झाली, चालताना झोक गेला,
तर त्याच दिवशी यायचं."
शाई झटकून चिठ्ठीवर लिहिलं: चौदा दिवस.
"सहाव्या दिवशी बरी दिसेल.
तिथेच लोक सोडतात."

आज सहावा.
बरी दिसते.
बाटली दिसताच सोफ्याखाली जाते,
शेपटी बाहेर राहते.
मी फरशीवर बसते, बिस्किट पुढे करते,
थेंब टाकून कानाचं मूळ हलकेच चोळते,
आत चुळुक चुळुक वाजतं.
फोन वाजला तर वाजू दे.

कॅलेंडरवरचा ठिपका पुसायचा राहिलाय.
गुरुवारच्या चौकोनात आहे,
दूध नको, असं लिहिलंय त्याच्या शेजारी.