वाढत्या अंगाचं

मी शिंपी नाही, पण मापं घेतो.
दुकानांची.
गल्ले किती, माल किती जातीचा,
तासाला पावत्या किती निघतात,
आणि वर्षातला सगळ्यांत गर्दीचा दिवस कोणता.
सरासरीवर बेतलेलं सॉफ्टवेअर
सणाच्या दिवशी काखेत उसवतं.

कुताइसीत, रिओनीच्या पुलापासून दुसऱ्या गल्लीत
लामाराचं दुकान.
एक गल्ला, एक तराजू, एक मांजर.
"तासाला किती येतात?" मी विचारलं.
"मांजर धरून?"

एकतीस डिसेंबर लिही, म्हणाली.
त्या दिवशी अख्ख्या गावाला अक्रोड हवे असतात,
सोललेले. आणि मध.
मी लिहिलं: कमाल, तासाला साठ.

मग काउंटरखालून तिने निळी वही काढली.
निसिया, उधारीची.
तिसऱ्या मजल्यावरची तांबड्या केसांची, पाव दोन.
लंगड्या कुत्र्याचा मालक, सूर्यफुलाचं तेल.
गुरामची बायको.
त्यातली 'बायको' खोडून वर बारीक अक्षरात 'विधवा',
रक्कम तीच.

माझ्या फॉर्मात गिऱ्हाइकाला फोन नंबर सक्तीचा होता.
"कुत्र्याचा मला माहीत नाही," ती म्हणाली.
वही मी तिच्याकडेच राहू दिली
आणि सगळ्यांत लहान माप विकलं.
वाढत्या अंगाचं घ्या, म्हटलं होतं, दोनदा.
"बाहीत हात हरवेल माझा."

अंग वाढलं ते मुलाचं.
तेमूरने झेस्ताफोनीत दुकान टाकलं, मग साम्त्रेदियाला,
मग एका वर्षात चार,
शेवटचं बातुमीला, काचेच्या दाराचं.
सात दुकानं, सव्वीस गल्ले,
आणि सगळ्यांची बेरीज अजून त्याच डब्यात,
लामाराच्या फ्रीजमागे, माझ्या त्या लहान मापात.
मला कुणी विचारलं नाही.
मीही विचारायला गेलो नाही;
पैसे वेळेवर येत होते.

एकतीस डिसेंबर, दुपारी चार.
सव्वीसच्या सव्वीस गल्ले थिजले.
काही जळलं नव्हतं, तुटलं नव्हतं.
सव्वीस हातांना एकाच क्षणी
एकच ओळ खोडून नव्याने लिहायची होती:
अक्रोड, सोललेले, शिल्लक.
एकाने धरली की पंचवीस ताटकळत.
बातुमीत मधाची बरणी घेऊन उभा कुणी
झेस्ताफोनीतल्या कुणाची पावती संपायची वाट पाहत होता,
आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तेमूर फोनवर ओरडत होता, मोठं मशीन आण!
अरे, आत खुर्चीच एक असेल
तर दार रुंद करून बसतील किती?

मी पोचलो तेव्हा
पहिल्या दुकानातली रांग सरकत होती.
लामारा वहीत लिहीत होती,
नावं न विचारता, मान वर न करता.
"मशीन काय म्हणतं?"
"थांबा म्हणतं."
"तुला म्हणत असेल."

त्या रात्री, बाहेर फटाके वाजत असताना,
मी प्रत्येक दुकानाला त्याची त्याची वही दिली.
यंत्रातलीच, पण स्वतःची.
आपले अक्रोड आधी आपण मोजा,
पावती द्या, माणूस घरी जाऊ द्या,
हिशेब मागून कळवा;
लाइन गेली तर उद्या, नाहीतर परवा.
"मग शिलकीत चूक राहील," तेमूर म्हणाला.
राहील. चार किलो, पाच किलो.
आईच्या वहीत सत्तावीस वर्षांच्या आहेत,
बघ एकदा.
त्याने पाहिली नाही.

पहाटे लामाराकडे सुटे नव्हते.
तिने पान उलटलं, पेन्सिल जिभेला लावली,
माझ्याकडे जरा वेळ पाहिलं
आणि लिहिलं:
मोठ्या बाह्यांवाला. देणे, वीस लारी.

माझं नाव तिला चांगलं ठाऊक आहे.