गोगलगाय कोणत्या रिंगणात

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी
मी गालिच्यावर तीन रिंगणं मांडते:
लाल, पिवळं,
आणि एक निळं, ज्याचा जोड सुटलाय म्हणून सेलोटेप.
खिडकीबाहेर ग्रिम्सबीचं आभाळ,
धुतलेल्या ओट्यासारखं,
मासळीचा वास अजून पुरता न गेलेलं.

बादलीत सत्तेचाळीस प्लास्टिकचे प्राणी.
सोपं आहे, मिसेस ब्लेन्किन म्हणतात.
दोन पाय, चार पाय, पाय नाहीत.
पाचव्या वर्षी एवढं यायलाच हवं.

रूबेन सापाला हात लावत नाही,
पट्टीने ढकलत ढकलत नेतो निळ्यात.
इमोजेन कोंबडीशेजारी शहामृग बसवते,
शहामृगाशेजारी कागदावर काढलेले आपले बाबा.
बरोबरच आहे. मी काय बोलणार?

आर्चीला रिंगणं नकोतच.
त्याचे ढीग वेगळे:
हे चावतात.
हे चावत नाहीत.
हे माझे आजोबा गोदीवर साफ करायचे.
तिसऱ्या ढिगासाठी बादलीत कॉड सापडेना,
म्हणून त्याने डॉल्फिन ठेवला
आणि जरासा ओशाळला.

मिरकरवाड्याला माझी मावशी
गोणपाटावर असेच वाटे लावायची:
बांगड्यांचा, सौंदाळ्यांचा,
आणि कडेला एक मिसळीचा,
ज्यांचं नाव कुणी विचारत नाही त्यांचा, स्वस्त.
म्हणायची, वाटा मासा बघून लावू नये गो,
गिऱ्हाईक बघून लावावा.
हे मिसेस ब्लेन्किनना कसं सांगू?

आणि मी तरी कोण लागून गेले वर्गीकरण शिकवणारी?
माझ्या भाषेत गोगलगाय ही गाय.
पाणघोडा घोडा.
देवमासा मासा तर आहेच, वर देवसुद्धा.
वटवाघळाच्या पोटात एक वाघ दडून बसलेला,
उलटा टांगलेला, बिचारा.
मुंगी ती, मुंगळा तो, मांजर ते.
पाल जन्मभर बाई, सरडा जन्मभर बुवा,
त्यांना कुणी विचारलेलं नाही.
हे सगळं गिळून मी इंग्रजीत सांगते,
व्हेल हा मासा नाही बरं का.

का नाही?
ती पिल्लांना दूध पाजते.
समुद्रात? रूबेन पट्टी खाली ठेवतो.
मग दूध सांडत नाही?

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी हातावर पेनाने लिहून ठेवते: दूध.

बादलीच्या तळाशी राहिला तो घोडा.
पुढचा उजवा पाय मोडलेला,
कधी, कुणी, कुणास ठाऊक.
तीन पायांचं रिंगण आपल्याकडे नाही.
इमोजेन म्हणते, टाकून द्या.
आर्ची म्हणतो, चावतो.
आणि झोफिया, जी सप्टेंबरपासून
फक्त मान हलवून बोलते,
घोडा उचलून चार पायांत नेते.
तीनच आहेत ना गं? मी विचारते.
चार आहेत, ती म्हणते. एक इथे नाही.

उभा राहीना, म्हणून तिने त्याला
हत्तीला टेकवून ठेवलं.
सव्वातीनला मी रिंगणं उचलली
तेव्हाही दोघं तसेच.
त्यांना बादलीत टाकायला हात गेला आणि परत आला.

तक्त्यावर रकाना आहे:
दिलेल्या निकषाने गट करते. होय, अजून नाही.
झोफियाच्या नावापुढे मी पेन्सिल टेकवली,
मग कॉफी प्यायले,
मग होय.
निकष कोणी दिला होता,
ते तक्ता विचारत नाही.

रात्री भांडी घासताना हातावरचं अक्षर दिसलं.
ओल्या बोटांनी फोनवर शोधलं.
व्हेलचं दूध फार घट्ट असतं म्हणे,
खरवसाच्या जवळपास काहीतरी,
पाण्यात सहजी विरघळत नाही.
आई ते पिल्लाच्या तोंडात सोडते.

उद्या रूबेनला सांगायचंय.
खरवस म्हणजे काय, तेही सांगावं लागेल.