नाद

एकतीस वर्षं शिरोलीत हातोडी मारली.
मोठी नव्हे, पाव किलोची,
ब्रेक ड्रमच्या कडेला, एकदाच.
खणखणला तर ट्रकमध्ये,
बद्द वाजला तर परत भट्टीत.
रंगाखाली चीर झाकते,
आवाजाला रंग लावता येत नाही.
पोरं म्हणायची, म्हातारा नादखुळा आहे.

आज सभेला आलोय, ताराबाई पार्कात.
नावावर साठ शेअर आहेत,
रिटायर होताना दिलेले.
गार हॉल, बशीत काजूकतली,
मांडीवर गुळगुळीत अहवाल.
पान सत्तेचाळीस, चष्मा पुसून वाचलं:
नफा अकरा टक्क्यांनी खाली,
मगदूम साहेबांचा पगार
अडतीस टक्क्यांनी वर.

शेजारच्या शिवगोंडाला बोट ठेवून दाखवलं.
कोअर शॉपचा माणूस, कमी बोलणारा.
म्हणाला, पुण्याहून माल परत आला
त्या साली आपला बोनस कापलेला.
वाळू खराब होती.
वाळू आपण घेतली नव्हती.

मागं भंगार स्वस्त झालं, नफा फुगला,
तेव्हा अहवालात शब्द होता: नेतृत्व.
औंदा शब्द आहे: परिस्थिती.

खोटं कशाला बोलू,
पुराच्या साली हायवेवर पाणी चढलं
तेव्हा हाच माणूस तीन रात्री भट्टीपाशी बसला.
लोखंड थिजू दिलं नाही.
मला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.
त्या तीन रात्रींचे किती लावायचे?
मला येत नाही हिशेब. लावा, सढळ हातानं लावा.
पण त्याच रात्री
किती वर्षं विकायच्या?

माईक आला. पाठ केलेलं सगळं विसरलो.
एवढंच विचारलं:
ह्या आकड्यावर हातोडी कुणी मारून बघितली?

कमिटीतले एक गृहस्थ उठले, सुटातले.
म्हणाले, तोलामोलाच्या कंपन्यांत काय देतात
ते आम्ही तपासलं.

म्हणजे शेजारचा ड्रम वाजवून
हा पास केला.

हशा पिकला. साहेबही हसले,
मनापासून, पूर्वीसारखे.
मग हात वर करा म्हणाले.
पुढच्या दोन रांगांचे हात पुरले.
शिवगोंडाचा हात अर्ध्यात गेला,
तिथंच डोकं खाजवून खाली आला.

परतताना केएमटीच्या थांब्यावर
बिडाचा एक जुना खांब दिसला.
सवयीनं किल्लीनं वाजवला.
खणखणीत.
कुणी ओतला असेल,
काय मिळालं असेल त्याला,
खांबावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.