बरडाचं माप

"हे न्या ना गुणवंतभाऊ," दुकानदार म्हणाला,
"काळ्या मातीत लोण्यावानी चालते."
"काळी माती धाकट्याच्या वाट्याला गेली."
बाबांनी खिशातून गारगोटी काढली,
काउंटरवर ठेवली. धार अजून ताजी.
"मागचं हिनंच फाडलं. बगलेतून."

वाडी नाक्यावरची दुपार, ट्रकांचे हॉर्न.
त्यानं ती अंगठ्यानं चाचपली
आणि न बोलता आतून
बारा प्लायचं टायर लोटत आणलं.

किंमत ऐकून आई एवढंच म्हणाली,
"एकाचे का जोडीचे?"
"एकाचे."
मग तिनं संत्र्याच्या पैशांची घडी उलगडली,
दोनदा मोजली,
जुन्या टायरांचे सातशे आधी कापून घेतले.

"गोटा राहू द्या इथं, गिऱ्हाइकाले दाखवतो."
बाबांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला.
"नाही. वावरातला आहे."