मुक्काम

पहाटे पाचला ओतीलिया सापळे उघडते.
डॅन्यूबच्या काठचं पाणथळ रान, पत्र्याच्या साठ पेट्या,
प्रत्येकीत ओट्स, सफरचंदाची फोड, मूठभर वाळकं गवत.
आज अकरा पेट्या बंद आहेत, म्हणजे अकरा रानउंदीर.
शेपटीला धरायचं नाही.
मानेमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची.
वजन एकवीस ग्रॅम. एक थेंब रक्त.
कानाला बारीक पत्री, तिच्यावर आकडा.
मग तळहात जमिनीला टेकवायचा.
तो जातो. त्याला कसली घाई असते
ते तीस वर्षांत तिला कळलेलं नाही.

प्रयोगशाळेत दुपारी थेंब कबुली देतो:
होय, झाला होता. पिल्लू असताना कधीतरी.
आठवडाभर फुप्फुसात धुमाकूळ, मग सामसूम.
गेला नाही तो. प्लीहेतल्या पेशींमध्ये
पथारी पसरून निजलाय.
भाडं देत नाही, भांडत नाही.
"पण हा तर धडधाकट दिसतो," नवा पोरगा रादोस्लाव म्हणतो.
"आहेच धडधाकट," ती म्हणते.
"फक्त एकटा नाही."

माणसाच्या कांजिण्यांचा विषाणू उंदरात नीट रुजत नाही.
ज्याचा त्याचा बिऱ्हाडकरू ठरलेला.
म्हणून उंदराचा वाचायचा, आणि आपल्याबद्दल
अंदाज बांधायचा, जपून.

तिच्या स्वतःच्या वरच्या ओठावर, डाव्या कोपऱ्यात
दर फेब्रुवारीत फोड येतो. जागा बदलत नाही.
कानाजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत तो झोपलेला असतो.
अनुदानाचा अर्ज, कडक ऊन, वकिलाचं पत्र,
एवढं निमित्त त्याला पुरतं.
तंतूच्या वाटेने उतरतो, दारात येतो,
आठवडाभर उभा राहतो, माघारी फिरतो.
बहुतेक आईच्या एखाद्या पाप्याबरोबर आला असेल.
आईचे दागिने भावाने विकले.
हे विकता आलं नाही.

मार्चमध्ये बाबांच्या छातीवर पट्टा उठला.
वेंडेलीन, वय एक्याऐंशी. पाठीच्या कण्यापासून बरगडीखालून पुढे,
अर्ध्यावर थांबलेला, पाण्याने भरलेल्या फोडांचा.
त्यांच्या भाषेत पट्टाच म्हणतात.
मी मराठीत सांगतोय, म्हणून नागीण.
तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो
हे भय फक्त माझ्या शब्दाला आहे,
त्यांच्या शब्दाला नाही, आणि ते खरंही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या?
बाबांनी खिडकीकडे पाहिलं.
आजचा वार त्यांना सांगता येत नाही.
ओतीलियाला ते "बाई" म्हणतात, अदबीने.
तिनेच उत्तर दिलं: झाल्याच असणार.
पंचाहत्तर वर्षं कण्याशेजारी कुणीतरी
ती नोंद जपून ठेवली आहे.

रात्री आग वाढली.
ती थंड पाण्याची घडी ठेवत होती, तेव्हा त्यांनी
तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि पोरक्या आवाजात म्हणाले,
"एमिल, खाजवू नकोस.
आई आपले हात बांधून ठेवेल."

एमिल कोण?
घरात हे नाव कधी निघालं नव्हतं.
जुन्या फोटोंच्या डब्यात नाही, कबरीवरच्या दगडांवर नाही.
ती विचारत राहिली. बाबा झोपले होते.
घडी कोमट झाली. तिने बदलली.

गोळ्यांनी आठ दिवसांत फोड सुकले, खपल्या पडल्या.
एमिल पुन्हा आला नाही.

सोमवारी पहाटे पुन्हा रान.
सतराव्या पेटीत एक उंदीर, कानाला पत्री.
दोनशे चार. मागच्या शरदातला.
हिवाळा काढला बेट्याने.
वहीत दोन रकाने असतात: नवा, जुना.
तिने जुन्यावर खूण केली,
आणि पेन्सिल तशीच टेकवून बसली,
इतका वेळ, की तळहातातला तो
घाई विसरला.