अर्धं सूत

डॉक्टर म्हणाले, मांडी घालून बसणं आता बंद.
मला ऐकू आलं, धंदा बंद.
आमच्यात लाकूड जमिनीवरच वठणीवर येतं:
एक टोक भिंतीला, दुसरं तळपायाखाली.
अंगठा आणि शेजारच्या बोटात पट्टी धरून
आबांनी अर्ध्या साखर पेठेला दारं दिली
आणि उभं राहून कधी रंधा मारला नाही.

मुलगी म्हणाली, बाकडं कर. उभ्यानं काम कर.
तिनं माझा हात सैल सोडायला लावला,
मनगटाच्या हाडापासून फरशीपर्यंत टेप:
बत्तीस इंच, तीन सूत.
भिंतीवर खडूची रेघ मारली.
महिनाभर ती रेघच होती फक्त.

लाकूड मिळालं भद्रावती पेठेत.
मल्लेशम चिट्यालांचा माग निघत होता,
जुना साग, हातांच्या तेलानं काळा पडलेला.
भंगारवाला किलोवर मागत होता,
मी फुटावर भाव लावला. तेवढ्यानंच त्यांना बरं वाटलं.
मग्गम म्हणतात ते मागाला.
सोडवताना एकही खिळा निघाला नाही.
पावड्यांचा खड्डा होता तिथं आता
गॅसची रिकामी टाकी आणि कांदे.

मे महिना. पत्र्याखाली पहाटे पाच ते नऊ,
पुढं करवतीची मूठसुद्धा धरवत नाही.
आणि अडचण अशी की
बाकडं करायला आधी बाकडं लागतं.
तेव्हा बसलोच खाली. डॉक्टरांना सांगू नका.
गुडघ्याखाली उशी, टाचेखाली मागाची तुळई,
आबांसारखाच अंगठा ताणून
चार पाय तासले, आठ कुसवं कापली, आठ खोबणी पाडल्या.

रंध्याच्या तिसऱ्या हाताला काळा थर गेला,
खाली साग मधासारखा.
एका चिरेत जांभळा धागा अडकला होता.
पात्यानं तो तुटला नाही,
सालपटात गुंडाळून वर आला.
कुठल्या साडीचा, कोण नेसलं असेल.
खिशात ठेवला.
पाचव्या दिवशी नळ आला तेव्हा शर्टाबरोबर वाहून गेला.

सूत म्हणजे आमच्यात इंचाचा आठवा भाग.
त्यांच्यात त्याच शब्दावर चूल पेटायची.
पायातलं भोक आणि कुसवातलं भोक
मुद्दाम अर्ध्या सुतानं चुकवलं:
बाभळीची खुंटी ठोकली की ती अंग चोरत आत शिरते
आणि सांधा आपोआप ओढला जातो.
सरस नाही, खिळा नाही.
बरोबर समोरासमोर आलेली भोकं कधी धरत नाहीत,
आबा म्हणायचे.
लग्नाबद्दलही हेच म्हणायचे.

शिकंज्याचं मळसूत्र मिलच्या भंगारातलं,
गंज काढण्यात दोन रविवार गेले.
वरच्या फळीत मागाचीच तीन भोकं राहिली होती,
बुजवणार होतो.
सहज खुंट्या घालून पाहिल्या, पट्टी टेकवली.
अडते. छान अडते.

मल्लेशम बघायला आले.
कुठला तुकडा कुठं गेला, विचारलं नाही.
फळीवरून हात फिरवत गेले,
मधल्या भोकात बोट घातलं.
"इथं तूर होती," एवढंच.
मग मुलीनं दिलेला चहा
बशी न टेकवता उभ्यानंच प्यायले,
बाकडं नवं आहे म्हणून.

उरलेल्या लाकडाची तुमच्यासाठी खुर्ची करतो, म्हणालो.
हसले. चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचं
खुर्चीसाठी माप कुणी घेतलं नव्हतं.
तेलाच्या डब्यावर बसवलं त्यांना.
गुडघ्यापासून फरशीपर्यंत टेप लावायला
मलाच पुन्हा खाली बसावं लागलं.
सोळा इंच, वर एक सूत, नाही, दोन,
आकडा काही ठरेना:
उजवी टाच उचलायची, डावी टेकायची,
डावी उचलायची, उजवी टेकायची.
पाय हलवू नका, म्हणालो.
"कुठं हलवतोय?" मल्लेशम म्हणाले.