बावीस आणि वर थोडं

कचेमाक खाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव.
शेडमध्ये बत्तीस फुटी बोट पालथी पडलेली,
सोललेल्या माशासारखी पांढुरकी.
किप्रियानकाकानं कमरेचा विणलेला पट्टा
जॅकेटखाली सारखा केला,
दाढी मुखवट्यात कोंबली आणि म्हणाला,
"उलिता, लोखंड विसर."

लोखंड मला येत होतं. लोखंड भलं.
ते आधी लाल होतं, मग नारिंगी,
रागावण्याआधी सांगून रागावणाऱ्या माणसासारखं.
अ‍ॅल्युमिनियम काही सांगत नाही.
असतं तसंच असतं, रुपेरी, गप्प,
आणि पुढच्या क्षणी तिथे भोक असतं
आणि बुटावर थेंब.

वर त्याची एक साय असते.
आत पाणी झालं तरी ही वितळत नाही,
म्हणून आधी ब्रशनं खरवडायची.
ब्रशही वेगळा. लोखंडाला लागलेला चालत नाही,
इतकं कडक सोवळं.
हे मात्र मला समजावावं लागलं नाही.
आमच्या घरी परक्यांची ताटं
अजून वेगळ्या फळीवर असतात.

पहिल्या दिवशी सात भोकं.
दुसऱ्या दिवशी वायर पोचलीच नाही,
तांब्याच्या टोकाशीच वितळून चिकटून बसली.
"वेग कमी," काका म्हणाला.
वाढवला, तर ती पत्र्यावर आपटून
बंदूकच मागे ढकलायला लागली,
दाराशी अडलेल्या वासरासारखी.
व्होल्टेज चढवलं: शिवण पसरून सपाट, कडा खाल्लेल्या.
उतरवलं: पत्र्यावर नुसता दोर टाकल्यासारखी,
नखानं उचकटेल अशी.
दोनच बटणं,
आणि एकाला हात लावला की दुसरं रुसतं.

मशीनच्या झाकणाच्या आत
कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
बावीस आणि वर थोडं.
थोडं म्हणजे किती?
काका हसला. "मीठ किती, हे तुझी आई सांगते?"
मग म्हणाला, डोळ्यांनी नको, कानांनी लाव.
फोडणीसारखं तडतडलं तर चुकलं.
नवं कापड एका दमात फाडल्यासारखं
सलग वाजायला हवं.

मी वितळवायचे, तो शेजारी उभा राहायचा,
हातमोजा काढून बोटं टेबलाच्या कडेवर ठेवून.
"कसं वाजतंय?" दर वेळी विचारायचा.
मला वाटायचं, परीक्षा घेतोय.

गुरुवारी किटली शिटी घालत होती.
तो तिच्याकडे पाठ करून,
दोन हातांवर, खिळ्यांचे डबे लावत बसलेला.
फेओफाननं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा आपल्या कामात घातली.
किटली कोरडी होईपर्यंत वाजली.
मग जळका वास आला, तेव्हा काका उठला.

त्यानंतर मी उत्तर नीट द्यायला लागले.
"तडतडतंय."
"मग?"
"वायर थोडी जास्त आहे. चारशेच्या खाली घेऊ?"
बोटं टेबलावर. मान हलली.
घेतली. कापड फाटलं, वितभर, हातभर,
तळाच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत.
पत्रा तापत जातो, म्हणून हातही पळता ठेवायचा.
शेवटी मात्र पळायचं नाही.
थांबायचं, बोटभर मागे यायचं, खड्डा भरायचा,
नाहीतर थंड होताना तिथे
चांदणीसारखी चीर पडते.
"भरलास?"
"भरला."
"आवाज?"
"गेला, काका. मीच बंद केलं."

शनिवारी दुपारी काम थांबतं.
संध्याकाळी प्रार्थनाघरात मी बायकांच्या बाजूला,
डोक्यावर रुमाल, भुवई जळालेली.
पलीकडे पुरुष गात होते
आणि त्यांत त्याचा आवाज, सगळ्यांत मोठा,
सुराच्या किंचित खाली.
कुणी वळून पाहिलं नाही.
त्याच्या शेजारचा मुलगा जरा जवळ सरकला,
जरा जोरात गायला लागला.
माझा उजवा हात स्कर्टच्या घडीत होता.
अंगठा आणि पहिलं बोट
आपोआप वळली.
थोडं वर.